मांजर अंग चाटत नाही? आधी कंगवा, मग फडकं, पाणी सगळ्यात शेवटी

पाठीवर कोंडा, शेपटीच्या मुळाशी तेलकट चिकटलेले केस, कानामागे टणक जट. घरातच राहणाऱ्या मांजरीने अंग चाटणं सोडलं आणि तिची अशी अवस्था झाली, की बहुतेक जण तिला उचलून थेट अंघोळीला नेतात. तिथेच सगळं बिघडतं. भिजलेली जट वाळताना आवळत जाते आणि लोकरीच्या नमद्यासारखी घट्ट होते. मग ती सुटत नाही म्हणून कात्री बाहेर येते आणि केसांबरोबर कातडीही कापली जाते. त्यानंतर ती मांजर कंगवा नुसता दिसला तरी पलंगाखाली शिरते.

करायची कामं तीच असतात, क्रम उलटा झालेला असतो. म्हणून एक पायरी पूर्ण झाल्याशिवाय पुढची घेऊ नका.

## १. चाटणं का थांबलं, ते शोधा

निरोगी मांजर जागेपणाचा बराच वेळ अंग चाटण्यात घालवते. आळस म्हणून ती हे सोडत नाही. तिला कुठेतरी दुखत असतं, किंवा तिचं तोंड तिथवर पोचत नसतं. फर नेमकी कुठे खराब झाली आहे, हे पाहिलं की बराच अंदाज येतो.

कंबर आणि शेपटीचं मूळ खराब, बाकी अंग स्वच्छ, असं असेल तर वाढलेलं वजन किंवा मणक्याची, खुब्याची सांधेदुखी हे कारण असू शकतं. मांजर १० वर्षांच्या पुढची असेल तर सांधेदुखीचा विचार आधी करा. सांधे दुखणारी मांजर लंगडेलच असं नाही. पूर्वी कपाटावर चढणारी आता सोफ्यापर्यंतच जाते. शी-शूच्या ट्रेमध्ये पाय टाकताना क्षणभर थांबते. या बारीक बदलांकडे 'वय झालं' म्हणून बघू नका.

छातीवरचे आणि पुढच्या पायांवरचे केस लाळेने चिकट झाले असतील, तोंडाला वास येत असेल, तर दुखणं दातांत किंवा हिरड्यांत असू शकतं. माझ्याकडच्या एका म्हाताऱ्या बोक्याच्या बाबतीत मी दोन महिने ब्रश बदलत राहिले आणि दुखत होती त्याची दाढ. दाढ काढल्यावर थोड्याच दिवसांत तो आपणहून पंजे चाटायला लागला. ते दोन महिने मला अजून टोचतात, म्हणून हा मुद्दा सगळ्यात आधी लिहिला.

सगळं अंगच निस्तेज, केस विस्कटून उभे, आणि जोडीला जास्त पाणी पिणं, जास्त शू होणं किंवा खाऊनही वजन उतरणं, असं दिसलं तर मूत्रपिंड, थायरॉइड आणि मधुमेह यांसाठी रक्त-लघवी तपासून घ्या. बाहेरून बघून यांतलं काहीच नक्की सांगता येत नाही.

पर्शियनसारख्या लांब, दाट फरच्या मांजरी मात्र पूर्ण निरोगी असूनही स्वतःची फर एकट्याने सांभाळू शकत नाहीत. त्यांना तुमचा हात जन्मभर लागणार. ऑपरेशननंतर जखम चाटू नये म्हणून गळ्यात शंकूसारखी कॉलर घातलेल्या मांजरीचंही तेवढ्या दिवसांपुरतं तसंच असतं.

इशारा: चाटणं दोन-तीन दिवसांत अचानक बंद झालं असेल, किंवा मांजर एक दिवसभर काहीच खात नसेल, तर कंगवा बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टर गाठा. लठ्ठ मांजर काही दिवस उपाशी राहिली तर यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकतं. दुखतंय असं वाटलं तरी माणसांच्या गोळ्या देऊ नका. पॅरासिटॅमॉलची अर्धी गोळीही मांजरीचा जीव घेऊ शकते.

## २. साहित्य आणि जागा आधी तयार ठेवा

फार काही लागत नाही, पण जे लागतं ते योग्य हवं. सगळ्यात महत्त्वाचा म्हणजे धातूचा कंगवा, ज्याचे अर्धे दात विरळ आणि अर्धे दाट असतात. एकच वस्तू घेणार असाल तर हीच घ्या. आखूड केसांच्या मांजरीसाठी मऊ रबरी ब्रश उपयोगी पडतो. पिसवा शोधायला बारीक दातांची फणी लागते. तारांचा स्लिकर ब्रश लांब केसांसाठी चांगला, पण त्याच्या तारा कातडी ओरबाडतात, म्हणून तो घेतला तर टोकांना गोळे असलेला घ्या आणि हात हलका ठेवा.

याशिवाय दोन मऊ टॉवेल, सुती फडकं, थोडं कॉर्नफ्लोअर आणि मांजरीचा सगळ्यात लाडका खाऊ. कॉर्नफ्लोअर म्हणजे पांढरं, भुकटीसारखं, वासाशिवायचं. मक्याचं पिवळं पीठ चालत नाही. टाल्कम पावडर तर नकोच, ती श्वासातून फुप्फुसात जाते आणि अंगावरून चाटली जाते.

अंडरकोट, म्हणजे खालची मऊ, दाट फर, उपटून काढणारी, ब्लेडसारखे दात असलेली साधनं नवख्या हाताने वापरू नयेत, असं माझं मत आहे. पहिल्या फेरीत भराभर केस निघतात म्हणून ती आवडतात, पण त्याच जोरात वरचे चांगले केस तुटतात आणि हाडं वर आलेल्या म्हाताऱ्या मांजरीला जखमही होते.

जागा मांजरीच्या सवयीची हवी. उंच टेबलावर किंवा गुळगुळीत ओट्यावर ती घाबरते. जमिनीवर जाड सतरंजी, वर टॉवेल, आणि तुम्ही तिच्या बाजूला बसलेले, समोर नाही. सांधे दुखत असतील तर जिथे ती झोपलेली असते तिथेच काम करा.

नखं आदल्या दिवशी कापून घ्या, त्याच बैठकीत नको. म्हाताऱ्या मांजरी खांबावर नखं घासणं कमी करतात, मग नख वळून पंजाच्या गादीत रुततं. नख कापताना आतला गुलाबी भाग सोडून फक्त टोक कापा.

तपासा: पहिले तीन-चार दिवस कंगवा नुसता तिच्या जेवणाजवळ ठेवा. ती त्याचा वास घेऊन गाल घासते आहे का? मगच पुढे जा.

## ३. कंगव्याआधी बोटं फिरवा

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. मांजर सैलावलेली असताना बोटांची टोकं कातडीपर्यंत नेऊन सावकाश फिरवा. कानामागे, हनुवटीखाली, पट्टा असेल तर पट्ट्याखाली, पुढच्या पायांच्या काखेत, पोटावर, जांघेत, मागच्या पायांवरच्या लांब केसांत आणि शेपटीच्या मुळाशी. जट याच जागी होते, कारण इथे केस एकमेकांवर घासतात. कुठे किती मोठी गाठ आहे, हे लक्षात ठेवा. जिथे हात लावल्यावर ती वळून बघते, तिथे दुखतं आहे.

पोटावर लहान, खरबरीत उंचवटे लागतील. ती खपली समजून खरवडू नका, ती स्तनाग्रं आहेत आणि बोक्यांनाही असतात.

मग कंबरेवर फणी फिरवा आणि निघालेला भुगा ओल्या पांढऱ्या कागदावर झटका. काळे कण विरघळून लालसर-तपकिरी डाग पडले तर ती पिसवांची विष्ठा आहे, म्हणजे मांजरीचं पचलेलं रक्त. बाहेर न जाणाऱ्या मांजरीलाही पिसवा होतात, त्या आपल्या कपड्यांवरून आणि इतर प्राण्यांवरून घरात येतात. निरोगी मांजर चाटताना कित्येक पिसवा स्वतः काढून टाकते. जी चाटत नाही, तिच्या अंगावर त्या वाढत राहतात.

इशारा: कुत्र्याचं पिसवांचं औषध मांजरीला लावू नका. त्यात अनेकदा परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं आणि मांजरीला त्याने झटके येतात. गोल टक्कल, कडेला खपल्या दिसल्या तर ती बुरशी असू शकते आणि ती माणसांनाही होते. अशा वेळी विंचरणं थांबवा, नाहीतर कंगव्याने ती अंगभर पसरते.

## ४. कोरडं विंचरणं

कंगव्याचे दात स्वतःच्या हाताच्या आतल्या बाजूवर ओढून बघा. तुम्हाला जेवढा दाब गुदगुल्यांसारखा वाटतो, तेवढाच तिच्या पाठीवर. मांजरीची कातडी आपल्यापेक्षा पातळ आणि बरीच सैल असते.

सुरुवात गाल आणि हनुवटीपासून करा. तिथे तिला आवडतं. मग मान, खांदे, पाठ. त्यानंतर कुशी, छाती. पोट, काखा आणि मागचे पाय शेवटी, आणि तेही वेगळ्या दिवशी चालतील. ज्या जागी तिला सगळ्यात जास्त त्रास होतो तिथूनच काम सुरू करायचं ही फार सर्रास होणारी चूक आहे. 'आधी अवघड ते उरकू' हे मांजरीच्या बाबतीत कधीच जमत नाही.

लांब केस वरवर विंचरून भागत नाही. वरून रेशमासारखी दिसणारी फर खाली कातडीलगत गादीसारखी दाटलेली असते. म्हणून भांग पाडत जा: एका हाताने केस वर धरून ठेवा, खालची बोटभर पट्टी मोकळी करा, तेवढीच विंचरा, मग पुढची पट्टी सोडा. आधी टोकं, मग मधला भाग, मग मूळ. विरळ दात आधी, आणि ते न अडकता फिरले की दाट दात.

पहिल्या आठवड्यात एक बैठक तीन मिनिटांची. मध्ये दोनदा खाऊ. शेपटीचं टोक फटकारायला लागलं, पाठीची कातडी थरथरली, कान मागे गेले किंवा हलणारं अंग एकदम स्थिर झालं, की थांबा. चावा घेतल्यावर थांबलात तर चावलं की सुटका होते हे ती शिकते. त्याच्या आधी थांबायचं.

म्हातारी मांजर असेल तर मागचा पाय बाजूला ओढून धरू नका. तिला कुशीवर पडू द्या आणि जेवढी जांघ आपसूक दिसते तेवढीच विंचरा. दुसरी बाजू उद्या.

तपासा: कंगव्याचे दात मुळापासून टोकापर्यंत न अडता जातात का? जिथे अडतात तिथे ओढू नका. ती जागा पुढच्या पायरीसाठी सोडा.

## ५. जट सोडवणं

आधी जट कोणत्या प्रकारची आहे ते ठरवा. तिच्याखाली, म्हणजे जट आणि कातडी यांच्या मधे, कंगव्याचे दात सरकतात का? सरकत असतील तर ती घरी सुटेल. एका बैठकीत एक, फार तर दोन.

जटेवर चिमूटभर कॉर्नफ्लोअर घाला आणि बोटांनी आतपर्यंत मुरवा. तेलकटपणा शोषला जातो आणि केस एकमेकांवरून सरकू लागतात. मग डाव्या हाताच्या दोन बोटांत जटेचं मूळ कातडीलगत घट्ट धरा. हे धरणं म्हणजे या पायरीचा जीव आहे. ओढ तुमच्या बोटांवर यायला हवी, कातडीवर नाही. आता उजव्या हाताच्या बोटांनी जट बाहेरच्या कडेकडून थोडी थोडी उकलत आणा. मोठी असेल तर केसांच्या दिशेने तिचे दोन-तीन भाग करा. अर्धी सुटली की कंगव्याच्या शेवटच्या दोन-तीन दातांनी टोकांपासून आत या. उरलेलं कॉर्नफ्लोअर विंचरून आणि पुसून काढा.

तेल लावून जट सोडवायचा मोह टाळा. फरमधलं तेल धूळ धरतं, आणि चाटलं गेलं तर पोट बिघडतं. टी ट्री तेल तर विषारी आहे. अशा तेलांतले घटक निकामी करण्याची मांजरीच्या यकृताची ताकद फार कमी असते, म्हणून 'नैसर्गिक' लिहिलेल्या सुगंधी तेलांपासूनही तिला लांब ठेवा.

इशारा: कात्री वापरू नका. अगदी बोथट टोकाचीही नाही. जट ओढली की सैल कातडी तंबूसारखी वर उचलली जाते आणि केसांच्या आत ती दिसत नाही. तुम्ही जटेचं मूळ समजून जे कापता, ती कातडीची घडी असते. अशी जखम अनेकदा टाके घालूनच भरावी लागते.

दात सरकतच नसतील तर ट्रिमर लागतो. तो मांजर ओळखीची, शांत आणि आवाजाला सरावलेली असेल तरच घरी. १० नंबरचं ब्लेड, कातडीला समांतर आडवं धरलेलं, दुसऱ्या हाताने कातडी सपाट ताणलेली. विरळ, लांब दातांचं ब्लेड घेऊ नका, त्यात कातडी अडकते. ब्लेड दर दोन मिनिटांनी स्वतःच्या मनगटाला लावून बघा, ते तापतं आणि भाजतं. मागच्या पायापाशी कुशीवर कातडीची जी पातळ घडी असते, तिथे आणि स्तनाग्रांजवळ ट्रिमर नेऊ नका.

जटा एकमेकींना जोडून पाठीवर किंवा पोटावर कवच झालं असेल, तर ते घरचं काम नाही. डॉक्टरांकडे गुंगी देऊन काढून घ्या. यात कमीपणा काही नाही. प्रत्येक पावलाला कातडी ओढली जाणारी मांजर आठवडे त्यात काढते, त्यापेक्षा एक तास गुंगी बरी. कवच निघाल्यावर खाली लाल, ओलसर, कधी जखम झालेली कातडी दिसेल, त्यासाठी मनाची तयारी ठेवा.

'सगळीच फर काढून टाकू' हा मात्र पहिला उपाय नव्हे. काही मांजरींची फर पूर्ववत व्हायला कित्येक महिने घेते. सयामीसारख्या मांजरींत तर रंग कातडीच्या तापमानावर ठरतो, त्यामुळे फर काढून गार पडलेल्या जागी नवे केस गडद येतात.

## ६. शेपटीखालची जागा

लठ्ठ आणि म्हाताऱ्या मांजरीला इथे तोंड पोचवता येत नाही. लांब केसांत शी अडकते, वाळते, कातडी सोलवटते. माश्यांनी तिथे अंडी घातली तर अळ्याही होतात. ही जागा रोज बघा. अडकलेली शी कोमट पाण्याच्या फडक्याने एक-दोन मिनिटं दाबून भिजवा आणि मग पुसा, वाळलेली ओढू नका. गुदद्वाराभोवतीचे आणि मांड्यांच्या मागचे लांब केस दर महिना-दीड महिन्याने ट्रिमरने आखूड करून घेतले की हा प्रश्न जवळजवळ संपतो.

शेपटीच्या वरच्या बाजूला मुळाशी तेलग्रंथी असतात. तिथे मेणचट, पिवळसर थर दिसला तर खरवडू नका, कॉर्नफ्लोअर लावून दाट दातांनी विंचरा. लाली किंवा पुरळ असेल तर डॉक्टरांना दाखवा.

## ७. फडक्याने पुसणं

विंचरून मोकळे केस निघतात, पण चाटण्याचं काम तेवढंच नसतं. मांजरीच्या जिभेवरचे काटे टोकाशी पोकळ असतात. ते लाळ कातडीपर्यंत नेतात आणि परतताना घाण-तेल घेऊन येतात. त्याची जागा ओलसर फडकं घेतं, म्हणून ही पायरी गाळली की रोज विंचरूनही फर कळकट राहते.

सुती फडकं कोमट पाण्यात बुडवून इतकं पिळा की थेंब पडणार नाही. केसांच्या दिशेने, डोक्याकडून शेपटीकडे, छोटे छोटे हात. डोळ्यांसाठी वेगळं फडकं. नंतर कोरड्या टॉवेलने दाबून पाणी टिपा आणि शेवटी एकदा कंगवा. साबण नाही, अत्तर नाही, लहान बाळांचे सुगंधी वाइप्सही नाहीत. जे अंगावर राहील ते उद्या तिच्या पोटात जाऊ शकतं. आठवड्यातून दोनदा पुरे.

तपासा: पुसण्याआधी एकही जट शिल्लक नाही ना? असेल तर ती जागा कोरडी सोडा.

## ८. अंघोळ, अगदीच गरज असेल तर

अंगाला काही चिकट किंवा विषारी लागलं, जुलाबाने मागचा भाग भरला, किंवा डॉक्टरांनी औषधी शाम्पू सांगितला, या वेळी. एरवी पहिल्या सात पायऱ्या नियमित चालू असतील तर बहुतेक मांजरींना अंघोळ लागत नाही.

टबच्या तळाशी टॉवेल अंथरा, म्हणजे पाय घसरणार नाहीत. पाणी पोटापर्यंत, साधारण ३८ अंश सेल्सिअस, तिच्या अंगाइतकंच कोमट. मांजरीला आणण्याआधीच पाणी भरून ठेवा, नळाच्या आवाजाने ती बिथरते. शाम्पू मांजरींसाठीचाच. आपल्या त्वचेसाठी बनवलेला शाम्पू तिची कातडी कोरडी करतो. डोक्यावर पाणी ओतू नका. धुण्याला लावण्याच्या दुप्पट वेळ द्या, केस बोटांना निसरडे लागत नाहीत तोवर. टॉवेलने चोळू नका, चोळल्याने नव्या जटा होतात, दाबून टिपा. मूळ पूर्ण कोरडं होईपर्यंत खोली उबदार ठेवा आणि लांब केस अधूनमधून विंचरत राहा.

## ९. वेळापत्रक आणि आहारातून येणारी फर

लांब केस रोज, आखूड केस आठवड्यातून दोन-तीनदा, ठरलेल्या वेळी, शक्यतो जेवणाच्या आधी, म्हणजे शेवटी जेवण हेच बक्षीस होतं. घरातल्या मांजरींवर रात्रीही दिव्यांचा उजेड असतो, त्यामुळे त्यांचे केस ठरावीक ऋतूत न गळता थोडेफार वर्षभर गळतात. म्हणून 'आता गळती संपली' म्हणून सुट्टी घेऊ नका.

केस म्हणजे प्रथिनं. मांजर मांसाहारी आहे, आणि निकृष्ट किंवा अपुऱ्या आहाराची फर कितीही विंचरली तरी रुक्षच राहते. ओमेगा-३ चं पूरक द्यायचं तर मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्या. वजन उतरवायचं असेल तर आठवड्याला २ टक्क्यांहून वेगाने नाही, म्हणजे ६ किलोच्या मांजरीचं आठवड्याला जास्तीत जास्त १२० ग्रॅम.

एक वही ठेवा. तारीख, वजन, कुठे जट सापडली, कुठे हात लावू दिला नाही. तीन आठवड्यांनी जट पुन्हा पुन्हा त्याच एका जागी दिसत असेल, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. आणि दुपारी झोपेतून उठल्यावर तिने मान वळवून कुशीवर जिभेचे दोन हात मारले, तर तेही तारखेसह लिहा. औषध लागू पडतंय की नाही, हे सांगताना डॉक्टरांना ती नोंद उपयोगी पडेल.